पाळ ठणठणीत असल्याचा दाखला

आमच्या खापरपणजोबांना लेंडी नाल्याचं पाणी चढलेलं दिसलं की झोप येत नसे, असं घरात सांगतात. मला कुठंही आणि कशीही झोप येते. चार पिढ्यांत आमच्या घराण्यात पडलेला फरक एवढाच, पण त्या एवढ्याशा फरकानं कळमगव्हाण बुडायचंच बाकी राहिलं होतं.

कळमगव्हाण दर्यापूरपासून चार कोसांवर. गावाच्या उत्तरेला लेंडी नाल्यावर जुनी मातीची पाळ आहे. ती तळं साठवण्यासाठी बांधलेली नाही. उन्हाळ्यात तिच्यामागं गुरं चरतात. पावसाळ्यात मेळघाटाच्या डोंगरावरून लोंढा आला की ती तो अडवते आणि बुडातल्या दगडी मोरीतून दोन-चार दिवसांत हळूहळू खाली सोडते. पाणी फारच चढलं तर पश्चिमेच्या टोकाला सांडवा आहे. म्हणजे गवताची एक रुंद, उतरती, मोकळी जागा. जादा पाणी तिच्यावरून वाहून गावाला वळसा घालून जातं. पाळ कोणी बांधली ते कोणालाच ठाऊक नाही. ती राखण्यासाठी आमच्या घराण्याला इनाम जमीन मिळाली आणि आम्ही गावचे पाळकरी झालो, इतकं मात्र पक्कं ठाऊक आहे, कारण जमीन कोणी विसरत नाही.

पाळकऱ्याचं काम अवघड नव्हतं. अक्षय तृतीया झाली की पाळ अनवाणी चालून पाहायची. उंदीर-घुशींची बिळं खोदून, ओली माती भरून, जड धुम्मसानं ठोकून घट्ट करायची. उगवलेली झाडं रोपटी असतानाच उपटायची. पाठीवरचा मुरूम जिथं वाहून गेला असेल तिथं नवा घालायचा. मोरी आणि सांडवा मोकळा करायचा. माझे वडील हे मरेपर्यंत करत. त्यांच्यामागं मीही दोन वर्षं केलं; हौसेनं नव्हे, तर कुर्बानचाचा काठी घेऊन मागं उभे असत म्हणून.

कुर्बानचाचा जातीचे बेलदार, मातीकामात उभा जन्म गेलेले. त्यांच्या वडिलांनी माझ्या आजोबांबरोबर पाळीची मोरी दुरुस्त केली होती. सांडव्याच्या कडेला त्यांची दोन खोल्यांची मातीची झोपडी होती. तिथं ते आणि त्यांची बायको नसीमबानो राहत. इनाम आमचं होतं, पण पाळ खरी त्यांनाच कळत होती.

मग कपाशीचा भाव चढला. सात समुद्रांपलीकडं भावाभावांत लढाई लागली म्हणे, आणि तिकडचा कापूस यायचा बंद झाला. अमरावतीच्या बाजारात आमच्या गाड्या पोचायच्या आधीच दलाल रस्त्यात आडवे येऊ लागले. असं का होतंय ते गावात कोणालाच नीट सांगता येईना. मी मात्र कारण शोधून काढलं होतं. कारण होतं माझी हुशारी.

हुशार माणसाला शोभेल असं मग सगळं केलं. जरीकाठी पागोटं आणलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्यातली एक बैलानं दुसऱ्याच दिवशी बाभळीला शिंग घासून हरवली. राहिलेल्या तीन शेंब्यांमुळं मी गावातला श्रीमंत न दिसता गावातला विसरभोळा दिसू लागलो. तरीही मान ताठच होती.

आणि एक दिवस मला सांडव्यात गवत दिसलं. गवत काय, ते रोजच दिसायचं. पण त्या दिवशी त्याच्याखालची जमीन दिसली. वर्षानुवर्षांचा गाळ बसलेली, काळी, लोण्यासारखी. बायकोला, शकुनला, मोठ्या आनंदानं सांगितलं.

"सांडव्यात पऱ्हाटी?" ती म्हणाली. "मंग पानी कुठून जाईन?"

"मोरीतून जाईन."

"अन् मोरीत नाई मावलं त?"

"पाळकरी मी आहो का तू?"

"तेच इचारून राहिली मी," शकुन म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मी सांडवा नांगरला आणि कपाशी पेरली. पिकात पाणी येऊ नये म्हणून सांडव्याच्या तोंडाशी मांडीएवढा बांधही घातला. आता विचार केला की हसू येतं. पाण्यानं जायच्या वाटेवर पाणी येऊ नये, म्हणून पाळकऱ्यानंच बांध घातला! त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. कपाशी खांद्याएवढी वाढली. पाण्यानं माझं ऐकलं, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं.

बाकी गावही मागं नव्हतं. काळ्या मातीत कपाशीच्या गाड्या रुतायच्या, म्हणून भगवंतराव पाटील मला म्हणाले, "जानराव, पाळीच्या पाठीवर एवढा मुरूम फुकट पडला हाये. वाटेवर टाकला त काय बिघडन?" पाटलांनी 'जानराव' म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. मुरूम गेला. मग गाड्याही पाळीवरूनच जाऊ लागल्या, कारण तीच सगळ्यात उंच आणि कोरडी वाट. चाकांनी पाळीच्या माथ्यावर हातभर खोल चाकोऱ्या पडल्या.

कुर्बानचाचा एकदा घरी आले. आत आले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

"जानराव, काळी माती म्हंजे म्हशीचं कातडं. ऊन लागलं का तडकते. मुरूम तिचं पांघरून व्हतं. तू पांघरून काढून घेतलं."

"चाचा, पुढच्या साली घालतो नं मुरूम."

"पुढच्या साली पाळ असन त घालशीन."

मला राग आला. एवढ्या पिकल्या माणसाला भाव चढलेला दिसत नाही, असं वाटलं. शेंब्या मात्र त्यांना दिसल्या असणार. जाता जाता बैलाकडं पाहून त्यांनी तोंडाला उपरणं लावलं. ते हसले की खोकले, ते आजवर मला कळलेलं नाही.

चैत्रात अकोल्याहून एक साहेब आला. कपाशीच्या गाडीवाटा आणि त्यांच्यावरचे जुने बांध किती पक्के आहेत ते तो पाहत फिरत होता. बरोबर पुण्याकडचा एक कारकून होता. तो इतकं शुद्ध बोले की आमची माणसं त्याच्यासमोर तोंड उघडायला लाजत.

साहेब येणार हे दोन दिवस आधी कळलं. तेव्हा सांडवा नांगरल्यापासून मी पहिल्यांदा पाळीवर चालून पाहिलं, जोडे घालून. पाठीला भेगा पडल्या होत्या. काही भेगांत माझा हात मनगटापर्यंत गेला. एका भेगेत कोपरापर्यंत जाईल असं वाटलं, म्हणून तिच्यात घातलाच नाही. आता काय करावं? मुरूम घालायला दोन महिने लागले असते. पण कपाशी निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या गंज्या घरोघरी पडल्या होत्या. मी माणसं लावली आणि एका दिवसात सगळी पाळ पऱ्हाट्यांनी झाकून टाकली.

साहेबानं काठीनं पऱ्हाट्या टोचल्या. कारकुनानं विचारलं, "हे काय आहे?"

"हे जी... पाळीले ऊन लागू नये म्हनून. आमच्या बापजाद्याची रीत हाये."

कारकुनानं साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा उजळला. अशी रीत त्यानं कुठं पाहिली नव्हती म्हणे. पाहणार कशी? ती जन्मून एकच दिवस झाला होता.

"बांधाची एकंदर स्थिती कशी आहे?" कारकून म्हणाला.

"ठनठनीत!"

"आणि सांडवा?"

सांडवा दाखवायचा म्हणजे बांध दाखवायचा. मी साहेबाला पूर्वेकडं नेलं, सावलीत बसवलं, ताक दिलं, आणि पाळ बांधणाऱ्या एका राजाची गोष्ट सांगितली. त्या राजाचं नावसुद्धा मी तिथंच ठेवलं. कारकून लिहीत होता, मी सांगत होतो, आणि समोर नसीमबानो बकऱ्यांना पाला घालता घालता माझ्याकडं टक लावून पाहत होती. साहेब दुपारी निघाला. जाताना त्यानं शिक्क्याचा कागद दिला: पाळकऱ्याच्या तोंडी जबानीवरून पाळ सुस्थितीत आढळली. मी तो मेणकापडात गुंडाळून पागोट्यात ठेवू लागलो. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही मी तो काढून दाखवत असे.

त्याच उन्हाळ्यात लढाई संपल्याची बातमी आली आणि कपाशीचा भाव घसरला. माझ्या घरात रुईचे अकरा बोरे भरून ठेवले होते. विकू का, असं शकुननं दोनदा विचारलं. भाव पुन्हा चढेल, असं मी दोनदा सांगितलं. लढाई पुन्हा लागेल अशी मला आशा होती. माणसं मेली तर मरोत, आपले अकरा बोरे निघावेत, असा विचार मी केला होता. तो आता लिहिताना हात थांबतो, पण केला होता हे खरं.

श्रावणात तीन दिवस पावसानं उसंत घेतली नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच कुर्बानचाचा दारात येऊन ओरडले. मी झोपलो होतो, हे सांगायला नकोच.

"ऊठ! पाळीच्या बुडात झरा लागला!"

गेलो. पाळीच्या मागं काठोकाठ पाणी होतं, मळकट, फेसाळलेलं, मेळघाटातली अख्खी झाडं वाहून आणलेलं. चाकोऱ्या पडल्या होत्या तिथं माथ्याखाली जेमतेम हातभर जागा उरली होती. आणि गावाकडच्या अंगाला, पाळीच्या पायथ्याशी, मनगटाएवढा झरा उसळत होता. त्याच्या तोंडाभोवती मातीचं लहानसं वारूळ जमलं होतं.

चाचांनी लोट्यात ते पाणी भरलं आणि दगडावर ठेवलं. थोड्या वेळानं वरचं पाणी ओतून मला लोटा दाखवला. बुडाशी बोटभर चिखल होता.

"निर्मळ पानी आलं त समज पाळीले घाम आला. गढूळ आलं त पाळ आतून जाऊन राहिली. हे माती कुठची हाये? पोटातली."

मी काय केलं असेल? पागोट्यातून कागद काढला. खरं सांगतो. साहेबानं पाळ चांगली म्हटलीय, असं काहीतरी बोललो.

"पान्याले वाचता येत नाई," चाचा म्हणाले.

मग मला वाटलं, आपण पाळकरी आहोत, काहीतरी केलं पाहिजे. शेजारी ओल्या मातीचा ढीग होता. चाचा वळून गावाकडं हाक मारत होते, तेवढ्यात मी टोपलंभर माती झऱ्याच्या तोंडावर टाकून पायानं दाबली. झरा बंद झाला. मी आनंदानं वर पाहिलं. आणि दोन हातांवर जमीन फुगली आणि दुप्पट जोरानं दोन झरे फुटले. पाळकरी म्हणून त्या सकाळचं माझं पहिलं काम ते: एका भोकाची दोन केली.

"तोंड दाबू नको!" चाचा धावत आले. "बंद केलं त दुसरीकडून फोडन. पानी जाऊ दे, माती अडव. गाळनी पाह्यजे याले, गाळनी! नाल्याची रेती कुठं हाये?"

रेती पाण्याखाली दोन पुरुष खोल होती. मुरूम वाटेवर तुडवला जाऊन चिखल झाला होता. तोवर शे-दीडशे माणसं जमली होती आणि सगळी माझ्याकडं पाहत होती. मी पाळीकडं पाहत होतो, जणू तीच काही सांगेल.

"रुई," शकुन म्हणाली.

"काय?"

"रुईची गाळनी. पानी जाईन, माती नाई जाईन. घरात अकरा बोरे पडले हायेत."

"अवं, पन भाव..."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती घराकडं निघालीसुद्धा. तिच्यामागं वीस-पंचवीस बाया, त्यांच्यामागं गडी. मी सगळ्यात शेवटी. माझाच बोरा माझ्या खांद्यावर घेऊन मी चिखलातून पाळीकडं आलो तेव्हा तीन बोरे आधीच झऱ्यांवर पसरले होते.

चाचा सांगतील तसं आम्ही करत गेलो. आधी रुईचा जाड थर. त्यावर पऱ्हाट्यांच्या पेंढ्या, आडव्या-उभ्या. त्यावर दगड, नाहीतर पाणी सगळं उचलून फेकणार. दगड कुठून आणायचे? भगवंतराव पाटलांच्या नव्या माडीसाठी घडवलेले दगड पाळीजवळच रचून ठेवले होते. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. पाटील म्हणाले, "ते कोपऱ्याचे हायेत, घडवलेले..." आणि मग स्वतःच एक उचलून आणला. एवढा जड होता की टाकताना तो त्यांच्याच पायाजवळ पडला आणि त्यांच्या तोंडून अशी शिवी निघाली की बाया हसल्या. त्या सकाळी पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

चाचा झऱ्याजवळ बसूनच होते. लोटा भरत, ठेवत, ओतत. पहिला लोटा गढूळ. दुसरा थोडा कमी. सहावा बोरा टाकल्यावर त्यांनी लोटा उजेडाकडं तिरपा करून त्याचं बूड पाहिलं, पाणी चाखलं आणि म्हणाले, "आता घाम हाये."

मी तिथंच बसलो.

"बसला काहून?" चाचा म्हणाले. "पानी चढूनच राहिलं. माथ्यावरून गेलं त तुही रुई अन् आमची हाडं सारं दर्यापुरात भेटन. सांडवा फोड."

सांडव्याच्या तोंडाशी माझा बांध होता. त्याच्यामागं माझी कपाशी, मांडीएवढी, पिवळी फुलं लागलेली. पाणी बांधाला टेकलं होतं. मी फावडं उचललं आणि थांबलो. कबूल करायला लाज वाटते, पण मी त्या वेळी हिशेब करत होतो, अर्धा फोडला तर अर्धी कपाशी राहील का.

"अर्धा फोडू का?" मी विचारलंसुद्धा.

कुर्बानचाचांनी आपल्या झोपडीकडं पाहिलं. मग मला कळलं. पूर्वी सांडव्यात दाट गवत होतं. पाणी त्याच्यावरून पसरून, जमीन न उकरता जायचं. मी गवत काढून जमीन नांगरली होती. त्या भुसभुशीत मातीत पाणी शिरलं की ते सरळ जाणार नव्हतं. ते खोल चर पाडणार, आणि चर झोपडीच्याच कडेला पडणार. उतार तिकडंच होता.

"चाचा, तुमची झोपडी..."

"दिसून राहिलं मले. नसीम, सामान काढ."

नसीमबानोनं आधी बकऱ्या सोडल्या. मग पेटी, मग खाट, मग चुलीवरची हंडी, आतल्या भातासकट. तिला मदत करायला मी पुढं झालो तर म्हणाली, "जानरावभाऊ, तुमी फावडं धरा. तुमचं काम तिकडं हाये. साहेबाले सांडवा दाखवला असता त आज हे खाट उचलायची पाळी आली नसती."

मी बांध फोडला. पहिल्या चार-पाच फावड्यांनी बोटभर धार लागली. मग बांधच सरकला, मी कसाबसा बाजूला उडी मारली, आणि पाणी कपाशीत घुसलं. फुलं क्षणभर पाण्यावर दिसली, मग नाहीशी झाली. जमीन तुकड्या-तुकड्यांनी ढासळू लागली. पाणी चर पाडत गेलं, जिथं चाचांना दिसलं होतं अगदी तिथूनच. झोपडीची पाठची भिंत आधी पडली. मग छप्पर हलकेच बसल्यासारखं खाली बसलं आणि वाहून गेलं. नसीमबानो पाहत होती. चाचा पाहत नव्हते; ते पाळीच्या माथ्याकडं पाहत होते.

दुपारपर्यंत पाणी हातभर उतरलं. पाऊसही थांबला. गाव तसंच राहिलं.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. आपली साठवलेली रुई अन् उभी कपाशी गावासाठी दिली, असा पाळकरी कुठं सापडेल? पाटलांनी चावडीवर हार घातला. आणि मी तो घालून घेतला. घालून घेतला म्हणजे मान खाली वाकवून, नीट बसावा म्हणून. दोन शब्द बोला, असंही कोणी म्हणालं. मी बोललो. आपल्या पूर्वजांची पुण्याई, वगैरे. बोलता बोलता चावडीसमोरच्या वाटेवर नजर गेली. तिथं चिखलात एक खाट होती आणि तिच्यावर नसीमबानो त्या हंडीतला भात एका ताटलीत काढून चाचांना देत होती. घर नसल्यामुळं ती दोघं वाटेवर जेवायला बसली होती.

पूर्वजांच्या पुण्याईनंतर काय म्हणायचं होतं ते आठवेना.

"हार काढा," मी म्हणालो. "पूर मी आणला."

मी सगळं सांगितलं. बांध, नांगरलेला सांडवा, भेगांवरच्या पऱ्हाट्या, साहेबाला सांगितलेला राजा, टोपलंभर मातीनं एका झऱ्याचे दोन कसे केले तेही. सांगताना कोणी तरी अडवेल, 'जाऊ द्या जानराव' म्हणेल, अशी आशा होती. कोणी अडवलं नाही. सगळं संपल्यावर पाटील म्हणाले, "मुरूम त आमी नेला."

मागून खुशालराव तेली म्हणाला, "पाळीवरची बाभूळ म्या तोडली. तिचं मूळ कुजलं तिथंच झरा लागला."

आणि आणखी दोघा-तिघांनी कायकाय सांगितलं. त्यानं माझं पाप कमी झालं नाही, पण एकट्यानं उभं राहण्याचं ओझं थोडं कमी झालं. नंतर शकुननं उठून चाचांची खाट उचलायला सांगितली, आमच्या घरी न्यायला.

कुर्बानचाचा आणि नसीमबानो वर्षभर आमच्याकडं राहिले. दोन चुली वेगळ्या होत्या, पण अंगण एकच. त्या अंगणात शकुन आणि नसीमबानो मिळून दोन बोलींत माझी कानउघाडणी करत. एकीला दम लागला की दुसरी सुरू होई.

दिवाळीनंतर मी अकोल्याला गेलो, माझी जबानी खोटी होती असं सांगायला. साहेब बदलून गेला होता. कारकून तोच होता. त्यानं दप्तराचं बासन सोडून कागद काढला आणि म्हणाला, "इथे तर पाळ सुस्थितीत असल्याचे नमूद आहे."

"म्या खोटं सांगतलं व्हतं जी."

"तेव्हा खोटे सांगितलेत की आता सांगताहात?"

"तेव्हा."

"कशावरून?"

एकदा खोटं बोललेल्या माणसाचं दुसरं बोलणं तरी खरं कशावरून मानायचं? त्याच्या जागी मी असतो तर मीही मानलं नसतं. शेवटी त्यानं माझं म्हणणं लिहून घेतलं आणि सौम्यपणे सांगितलं की फुटलेल्या बांधांची यादी मोठी आहे. न फुटलेल्यांचा क्रम नंतर लागेल. म्हणजे आमची पाळ फुटली नाही हाच तिचा दोष ठरला. परतीच्या दोन दिवसांच्या वाटेत मी बैलांशीही बोललो नाही.

चावडीवर बैठक बसली. पाळ आपणच नीट करायची असं ठरलं. आमच्या इनामातली अर्धी जमीन कुर्बानचाचांच्या नावे करावी, असं मी सुचवलं. यात उदारपणा नाही. शकुननं आदल्या दिवशी मला तसं सुचवायला सांगितलं होतं. पाटलांनी मान हलवली. चाचांनी एकच अट घातली. जमीन घेईन, पण पाळीवर माझा शब्द चालेल आणि जानराव टोपलं उचलेल.

त्या सबंध उन्हाळ्यात मी टोपली उचलली. पाळीच्या पाठीवरची तडकलेली माती हातभर खोल खणून काढली, ओली करून थरा-थरानं परत भरली, प्रत्येक थर धुम्मसानं ठोकला. चाचा काठीनं ठोकून आवाज ऐकत. आवाज भरीव नसेल तर म्हणत, "पुन्हा." दिवसातून वीसदा म्हणत. पहिल्या आठवड्यात माझ्या हातांची कातडी गेली. दुसऱ्या आठवड्यात पाटलांनी आपले गडी पाठवले आणि स्वतः मात्र सावलीत बसून सूचना करू लागले, तेव्हा चाचा त्यांनाही "पुन्हा" म्हणाले. ते काय पुन्हा करणार होते कोण जाणे, पण उठले खरे.

वाटेवरचा मुरूम परत आणता येईना; तो चिखलात केव्हाच मिसळला होता. मग दीड कोसावरच्या टेकडीवरून नवा आणला. सांडव्यातला चर दगडांनी भरला, त्याच्यावर माती घातली आणि गवताची ढेकळं लावली. पहिल्या वर्षी निम्मं गवत वाळलं. दुसऱ्या वर्षी बाया पाणी घालत राहिल्या, तेव्हा ते धरलं. चाचांची झोपडी आम्ही उंचावर बांधली, तीन खोल्यांची. नसीमबानोनं तिसऱ्या खोलीत बकऱ्या ठेवल्या आणि जागा वाया घालवली म्हणून मलाच बोल लावला.

यंदाचं हे तिसरं वर्ष. पूर्वेचा आणि मधला भाग झाला आहे. पश्चिमेचे साठ-सत्तर हात अजून मुरमाविना आहेत. चाचांचे गुडघे आता पाळ चढू देत नाहीत. ते खाली खाटेवर बसतात आणि मी वरून सांगतो: इथं भेग आहे, दोन बोटं रुंद, इथं घुशीचं बीळ, इथं ओल. मी जे दिसतं तेच सांगतो, कारण ते खोटं लगेच ओळखतात. परवा एक बीळ माझ्या नजरेतून सुटलं. त्यांनी खालूनच विचारलं, "तोडलेल्या बाभळीच्या खुंटापाशी काय हाये?"

"काही नाई चाचा."

"पुन्हा पाह्य."

मी पुन्हा पाहिलं. बीळ होतं. खाली उतरून मी फावडं आणि पाण्याची घागर घेतली आणि ते भरायला बसलो.